'बाकीचं तिथं जाऊन बघू' : हा सल्ला आपल्या पासपोर्टला झेपत नाही

एक मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. थोडक्यात असा: "परदेशात बॅकपॅकिंग करायचंय? फक्त जायचं तिकीट काढा, पहिल्या रात्रीचं हॉस्टेल घ्या, बाकीचं तिथं जाऊन बघा. आगाऊ बुकिंग म्हणजे जास्तीचा खर्च आणि पायात बेडी. व्हिसा तर आता सगळीकडे ऑन अरायव्हल, म्हणजे तिथं उतरल्यावरच मिळतो. गोरी पोरं सहा-सहा महिने अशीच फिरतात."

यातलं काही खरं आहे, त्याकडे येतोच. पण हा सल्ला ज्या पासपोर्टच्या भरवशावर दिला जातो तो आपल्या खिशात नाही. शिवाय किती आधी ठरवायचं, हा काही स्वभावाचा प्रश्न नाही. जे कमी आहे ते आधी धरायचं, जे मुबलक आहे ते मोकळं सोडायचं. 'सगळंच तिथं जाऊन' म्हणणारा या दोन्हींची सरमिसळ करतो.

"फक्त जायचं तिकीट काढा."

मुंबईचं टर्मिनल दोन, रात्रीचा दीड. बॅग वजनकाट्यावर ठेवलेली, पासपोर्ट काउंटरपलीकडच्या मुलीच्या हातात. ती स्क्रीनकडे बघत विचारते, "रिटर्न टिकट?" नाही म्हटलं की बॅग काट्यावरच राहते आणि ती सुपरवायझरला हाक मारते. मग माणूस रांगेतून बाजूला होतो आणि मोबाइलवर मिळेल ते, मिळेल त्या भावात परतीचं किंवा पुढच्या देशाचं तिकीट शोधू लागतो. मागे चेक-इन बंद व्हायची वेळ जवळ येत असते.

ती मुलगी उगाच अडवत नाही. प्रवाशाला समोरच्या देशाने प्रवेश नाकारला तर त्याला परत आणायची जबाबदारी विमान कंपनीवर येते, बऱ्याच देशांत वर दंडही असतो. म्हणून काउंटरवरचे लोक आयाटाच्या, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या, 'टिमॅटिक' या प्रणालीत तुमचा पासपोर्ट आणि तुम्ही जाणार तो देश यांचे नियम बघतात. तिथे 'पुढचं तिकीट आवश्यक' असं लिहिलेलं असेल तर तुमच्या भटकंतीच्या तत्त्वज्ञानाला कोणी विचारत नाही. तारीख पक्की नसेल तर परत करता येणारं किंवा तारीख बदलता येणारं तिकीट घ्या, नाहीतर शेजारच्या देशाचं एखादं स्वस्त विमान. बसचं तिकीट चालेलच याचा भरवसा नको.

"व्हिसा सगळीकडे ऑन अरायव्हल आहे."

नाही. इंडोनेशियाचा मिळतो, ३० दिवसांचा, आणि एकदा तेवढाच वाढवताही येतो. नेपाळला आपल्याला व्हिसाच लागत नाही. पण त्यावरून 'सगळीकडे' कसं काय?

शेंगेनचं, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचं बघा. अर्ज प्रवासाच्या फार तर सहा महिने आणि किमान १५ दिवस आधी करायचा. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, अडलं तर ४५ पर्यंत. सोबत जाण्या-येण्याचं आरक्षण, रात्रीच्या मुक्कामांचा पुरावा आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा. प्रौढांची फी जून २०२४ पासून ९० युरो, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा हेही तुमच्या आराखड्यावरच ठरतं: जिथे सर्वांत जास्त दिवस तो देश, दिवस सारखे असतील तर जिथे आधी उतरणार तो. अर्ज सहसा आपण राहतो त्याच देशातून करावा लागतो, त्यामुळे बँकॉकला बसून 'चला, आता युरोप' असं म्हणता येत नाही. मे महिन्याची सुट्टी गाठायची असेल तर मुंबई-पुण्याच्या व्हिसा केंद्रांतल्या वेळा फेब्रुवारीतच बघायला लागा.

अर्थात अर्जासोबत दिलेली मुक्कामांची यादी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. फ्रान्समधल्या लिऑनच्या दोन रात्री कमी करून अ‍ॅनसीला राहिलात तर कोणी पाठलाग करत नाही. म्हणूनच मुक्काम फुकट रद्द करता येणारे घ्यावेत. पण फ्रान्सचा व्हिसा काढायचा आणि सगळे दिवस इटलीत घालवायचे, याला बेत बदलणं म्हणत नाहीत. पुढच्या अर्जाच्या वेळी ते अंगाशी येऊ शकतं.

मोकळीक मिळत नाही असं नाही, फक्त ती हळूहळू मिळते. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नियम सैल झाले: तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन नीट वापरले असतील तर दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो. तो हातात आला की १८० दिवसांतल्या ९० दिवसांच्या मर्यादेत हवं तेव्हा बॅग उचला. तोपर्यंत कागद आधी, पाय नंतर.

आग्नेय आशियातही अशा बारीक खाचा आहेत. व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑगस्ट २०२३ पासून ९० दिवसांपर्यंत मिळतो, २५ डॉलरमध्ये, घरबसल्या. पण अर्जातच कुठून आत येणार आणि कुठून बाहेर पडणार ते निवडावं लागतं, आणि ई-व्हिसा चालणाऱ्या नाक्यांची यादी ठरलेली आहे. लाओसमधल्या साव्हानाखेतहून बसने ह्युएला जायचं तर लाओ बाओचा नाका त्या यादीत आहे, पण नकाशावर रस्ता दिसतो म्हणून प्रत्येक नाका चालत नाही. शिवाय व्हिसाचे दिवस तुम्ही अर्जात लिहिलेल्या तारखेपासून मोजले जातात. लाओसमध्ये आठवडाभर रमलात तर तो आठवडा व्हिएतनाममधून वजा.

गोऱ्या पोरांचं कोडं इथेच सुटतं. जर्मन किंवा ब्रिटिश पासपोर्टवाल्याला यातल्या बऱ्याच ठिकाणी अर्जच करावा लागत नाही. त्याची बेफिकिरी त्याच्या सरकारने आधीच बुक करून ठेवलेली आहे.

"आयत्या वेळी सगळं स्वस्त पडतं."

खोली स्वस्त पडते, विमान नाही. मंदीच्या हंगामात व्हिएतनाम किंवा लाओसमधल्या गेस्टहाउसच्या दारात उभं राहून भाव केला तर ऑनलाइनपेक्षा कमी पैसे पडू शकतात, हे खरं. विमानाच्या जागा मात्र भावांच्या टप्प्यांत विकल्या जातात, स्वस्त टप्पा आधी संपतो. शेवटच्या आठवड्यात उरतो तो कामासाठी धावणाऱ्यांचा भाव.

रेल्वेत दोन्ही प्रकार एकाच देशात सापडतात. इटलीत फ्रेच्चारोस्सा या वेगवान गाडीचं भाडं जागा भरतील तसं चढतं. 'रेजोनाले' म्हणजे साध्या प्रादेशिक गाडीचं भाडं मात्र महिनाभर आधी काढा की गाडी सुटायच्या पाच मिनिटं आधी, तेच. म्हणजे रोम ते मिलान आधी काढायचं, आणि फ्लोरेन्सहून पिसाला सकाळी उठून वाटलं तर जायचं.

"बुकिंग म्हणजे पायात बेडी."

इथे मजकूर लिहिणाऱ्याशी माझं बरंचसं जमतं. रोजच्या मुक्कामाचं आणि स्थानिक वाहनांचं महिनाभर आधी ठरवणं हा निव्वळ वेडेपणा आहे. लाओसमध्ये थायलंडच्या सीमेलगतच्या ह्वाय शायहून लुआंग प्रबांगला जाणारी मेकाँगची संथ बोट घ्या. दोन दिवसांचा प्रवास, मधली रात्र पाकबेंगला. बोटीचं तिकीट धक्क्यावर मिळतं, आणि पाकबेंगला उतरलं की गेस्टहाउसवालेच गिऱ्हाईक शोधत धक्क्यावर आलेले असतात. जॉर्जियात तिबिलिसीच्या दिदुबे स्थानकावरून काझबेगीला जाणारी मार्शरुत्का, म्हणजे तिकडची वडाप, भरली की सुटते. तिचं आगाऊ काय बुक करणार?

पण हीच रीत पेरूतल्या इंका ट्रेलवर, म्हणजे माचू पिच्चूला जाणाऱ्या पायवाटेवर लावून बघा. त्या वाटेवर दिवसाला ५०० परवाने, आणि त्यांत वाटाडे आणि हमालही आले. परवानाधारक कंपनीशिवाय जाता येत नाही, फेब्रुवारीत वाट बंद असते, आणि पेरूच्या कोरड्या हंगामातल्या तारखा काही महिने आधीच संपतात. न्यूझीलंडच्या मिलफर्ड ट्रॅकवर हंगामात स्वतंत्र चालणाऱ्यांना रोज फक्त ४० जागा. या वाटांजवळच्या कुस्कोत किंवा क्वीन्सटाउनला पोहोचून 'बघू' म्हणणाऱ्याने काय बघायचं, फलक?

काही ठिकाणी तर घड्याळ लावून बसावं लागतं. अ‍ॅमस्टरडॅमच्या अ‍ॅन फ्रँक हाउस या संग्रहालयाची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात, दर मंगळवारी तिथल्या सकाळी दहाला, सहा आठवड्यांनंतरच्या तारखांसाठी. म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी दीड, हिवाळ्यात अडीच. तोक्योजवळच्या, जिब्ली या कार्टूनपट स्टुडिओच्या संग्रहालयाची पुढच्या महिन्याची तिकिटं दर १० तारखेला जपानी वेळेनुसार सकाळी दहाला खुली होतात, तेव्हा आपल्याकडे साडेसहा वाजलेले असतात.

आणि दुसऱ्यांच्या सणांचं काय? जपानचा गोल्डन वीक, म्हणजे लागोपाठच्या सुट्ट्यांचा आठवडा, २९ एप्रिल ते ५ मे, नेमका आपल्या महाराष्ट्र दिनाच्या जोड-सुट्टीवर. थायलंडचं सोंगक्रान, म्हणजे तिथलं नववर्ष, १३ ते १५ एप्रिल. व्हिएतनामच्या तेतमध्ये, म्हणजे तिथल्या नववर्षाला, अख्खा देश गावी निघतो, तेव्हा रेल्वे-बसच्या जागा नसतात आणि शहरातली खानावळ बंद असते. आपण गणपतीची कोकण गाडी किती आधी काढतो? तरी परदेशात गेल्यावर कसं कोण जाणे, सणासुदीला तिकडे गर्दी नसेल असं वाटतं.

विम्याबद्दल मजकुरात अवाक्षर नाही.

प्रवास विम्याच्या बहुतेक भारतीय पॉलिसी देश सोडण्याआधीच घ्याव्या लागतात. हनोईत स्कूटरवरून पडल्यावर त्या विकत मिळत नाहीत. पॉलिसी घेतलीच तरी दुचाकी चालवण्याबद्दलचं आणि साहसी खेळांबद्दलचं कलम वाचून घ्या. त्या देशात चालणारा परवाना नसताना स्कूटर चालवली तर दावा फेटाळला जाऊ शकतो. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागणार असेल तर तो आपल्या आरटीओतून, निघायच्या आधी काढायचा असतो.