हसू कुणावर येतं? ('लोण्याची लढाई'वरच्या प्रतिक्रियेला उत्तर)

ताई, नमस्कार.

तुम्ही सविस्तर लिहिलंत आणि रागानं लिहिलंत, म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळी होत नाही. ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डॉ. स्यूस या नावानं लिहिणाऱ्या थिओडोर गाइझेल यांच्या १९८४ सालच्या 'द बटर बॅटल बुक'बद्दल तो होता. भिंतीच्या अलीकडचे यूक पाव खाताना लोण्याची बाजू वर धरतात, पलीकडचे झूक खाली. एवढ्यावरून गलोलीपासून सुरू झालेलं भांडण दोन्हीकडच्या बाँबपर्यंत जातं.

ताईंचे आक्षेप असे. त्यांचे वडील एकाहत्तरच्या लढाईत होते, आणि युद्धाची टिंगल म्हणजे लढलेल्या माणसांची टिंगल असं त्यांना वाटतं. दुसरं, 'दोघंही सारखेच मूर्ख' हे मुलांना शिकवणं खोटं आहे. खऱ्या युद्धात कुणीतरी चाल करून येतं, आणि मग कुणालातरी उभं राहावंच लागतं. तिसरं, सात वर्षांच्या मुलीला उपरोध कळत नाही, ही पुस्तकं मुलांच्या नावानं मोठ्यांसाठीच लिहिलेली असतात. आणि शेवटचं, बाँब पडला की नाही हे न सांगता संपणारी गोष्ट झोपताना वाचून दाखवायची कशी?

दुसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे, त्याच्यापासूनच सुरू करते.

पाव-लोण्याच्या गोष्टीपुरता तो मला पटतो. पुस्तक आलं तेव्हा अमेरिकेतही हीच टीका झाली होती: अमेरिका आणि रशिया यांच्यातला फरक काय लोण्याच्या बाजूएवढाच आहे? तेवढाच नव्हता, हे उघड आहे. पण ही गोष्ट सगळ्या युद्धांची नाहीच. ती शस्त्रस्पर्धेची आहे, आणि तिचा आवाका तेवढाच आहे. गोष्टीतले आजोबा, म्हणजे भिंतीवर पहारा करणारे एक यूक, दर वेळी हरून परत येतात, आणि दर वेळी त्यांना आधीपेक्षा झगमगीत गणवेश आणि आधीपेक्षा मोठं यंत्र मिळतं. यंत्रं बनवणारी मंडळी मागच्या खोलीत बसलेली असतात, भिंतीपाशी मात्र आजोबाच जातात. दोन्हीकडे बाँब आल्यावर बरोबर कोण होतं याचा झाडावर चढून बघणाऱ्या नातवाला काडीचा उपयोग उरत नाही. गाइझेल यांना म्हणायचं होतं ते एवढंच.

आणि ते काही भाबडे शांतिवादी नव्हते. १९४१ मध्ये अमेरिका युद्धाबाहेर होती, तेव्हा ते न्यूयॉर्कच्या 'पीएम' या दैनिकात व्यंगचित्रं काढत होते आणि अमेरिकेनं हिटलरविरुद्ध उतरावं म्हणून लोकांना टोचत होते. त्यांतलं एक तर आपल्या विषयाचंच आहे. एक बाई दोन मुलांना गोष्ट वाचून दाखवतेय, पुस्तकाचं नाव 'अ‍ॅडॉल्फ द वुल्फ'. तिच्या अंगातल्या स्वेटरवर 'अमेरिका फर्स्ट' लिहिलंय, म्हणजे अमेरिकेनं युद्धात पडू नये म्हणणाऱ्यांची घोषणा. ती वाचतेय की लांडग्यानं मुलांना चावून खाल्लं आणि हाडं थुंकली, पण ती परदेशी मुलं होती, त्यामुळे तसं काही बिघडलं नाही. मुलांचे चेहरे भेदरलेले, बाई निवांत. म्हणजे याच माणसानं बालगोष्टीचा उपरोध एकदा युद्धापासून पळणाऱ्यांवर वापरला आणि चाळीसेक वर्षांनी शस्त्रांच्या हव्यासावर. लढावं लागतं हे तुम्ही त्यांना सांगायची गरज नव्हती. ते स्वतः सैन्यात होते, सैनिकांसाठीचे माहितीपट लिहीत होते.

तुमच्या बाजूची आणखी एक गोष्ट मीच सांगते. फेब्रुवारी १९४२ मध्ये याच गाइझेल यांनी अमेरिकेतल्या जपानी वंशाच्या नागरिकांना रांगेत उभं राहून स्फोटकं घेणारे घरभेदे म्हणून रंगवलं. काही दिवसांतच राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा आदेश निघाला आणि पुढे त्या लोकांना छावण्यांत हलवलं गेलं. तेव्हा उपरोध हा आपोआप सज्जन असतो असं माझं मुळीच म्हणणं नाही. तो कुणाच्याही हातात जातो. म्हणून मी प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारते: इथे हसू कुणावर येतंय?

हाच प्रश्न तुमच्या पहिल्या आक्षेपाला लावून बघू. त्यासाठी लोण्याची गोष्ट सोडते आणि बंगालला जाते.

सत्यजित राय यांनी १९६९ मध्ये आजोबांच्या, म्हणजे उपेंद्रकिशोर रायचौधुरींच्या गोष्टीवरून 'गुपी गाइन बाघा बाइन' हा चित्रपट केला. शुंडी आणि हल्ला अशी दोन राज्यं. हल्लाला शुंडीवर चाल करून जायचंय. शुंडीकडे फौज आहे का हे बघून आलेला हेर सांगतो की तिथे फौज नाही, हत्यारं नाहीत. मग आहे काय? तर शेतात पीक आहे, झाडांना फुलं आहेत, पाखरं आहेत, लोकांच्या तोंडावर हसू आहे. ताई, इथे 'दोघंही सारखेच' कुठे आहे? कोण चाल करतंय हे पाच वर्षांच्या मुलालाही स्पष्ट दिसतं.

आता हल्लाचे सैनिक पाहा. गाल बसलेले, पोट खपाटीला, उठायचं त्राण नाही. मंत्री खादाड, राजाला औषध पाजून खवळवून सोडणारा. तो राजा मुळात साधा आहे, औषध उतरलं की लहान मुलासारखा वागतो. फौज निघते तेव्हा चित्रपटाचे नायक गुपी आणि बाघा गाऊ लागतात. त्यांच्या गाण्याला वरदान आहे, ऐकणारा जागच्या जागी थिजतो. गाण्यात ते सैनिकांनाच विचारतात की बाबांनो, लढून तुम्हाला मिळणार काय? आणि मग आभाळातून मिठाईच्या हंड्या उतरतात. सैनिक हत्यारं टाकून धावतात. धावणाऱ्यांत मंत्रीही असतो.

या प्रसंगात सैनिकाची टिंगल आहे असं मला कितीही वेळा बघून वाटलेलं नाही. हसू येतं ते मंत्र्यावर. उपाशी माणसानं भाला टाकून मिठाई उचलली यावर मुलं हसतात खरी, पण त्या हसण्यात त्याच्याबद्दल सुटका असते. तुमच्या वडिलांसारखी माणसं या गोष्टीचं लक्ष्य नाहीत, उलट गोष्ट त्यांच्या बाजूनं भांडते.

तुम्ही विचारलंत की शिवरायांच्या गोष्टींवर वाढणाऱ्या मुलांना हे कशाला. आमच्याही दारात दिवाळीला किल्ला होतो, त्यावर मावळे असतात, दरवर्षी एखादा मावळा हात मोडून घेतो. मला या दोन्हींत भांडण दिसत नाही. चिपळूणकडच्या छावणीतल्या अंमलदारांना महाराजांनी लिहिलेलं पत्र प्रसिद्धच आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा आत्ताच उधळलात तर पुढे घोडी मरतील. मग तुमचे लोक कुणब्यांकडचे दाणे, भाकरी, लाकूडफाटा, भाजीपाला उचलू लागतील आणि रयतेला तुम्ही मोगलांपेक्षा वाईट वाटाल. रात्री दिव्याची पेटती वात उंदरानं नेली तर गवताची गंज जळेल, इथपर्यंत त्यात ताकीद आहे. हा उपरोध नाही, पण फौजेच्या पोटाचा हिशेब राज्यकर्त्यानं ठेवायचा असतो हे त्यात रोखठोक आहे. हल्लाचा मंत्री नेमकं तेच करत नाही, आणि राय त्याला मुलांसमोर उघडा पाडतात.

मुलांना उपरोध कळतो का? एरिश केस्टनर या जर्मन लेखकाचं उदाहरण घेते. १९३३ मध्ये बर्लिनमध्ये नाझींनी त्याची पुस्तकं जाळली तेव्हा तो गर्दीत उभा राहून बघत होता. देश सोडला नाही, लिहायला बंदी आली, युद्ध काढलं. १९४९ मध्ये त्यानं 'प्राण्यांची परिषद' लिहिली. कल्पना येला लेपमन यांची. या ज्यू पत्रकार बाई नाझींमुळे इंग्लंडला गेल्या होत्या, युद्धानंतर परत येऊन त्यांनी म्युनिकमध्ये मुलांचं आंतरराष्ट्रीय ग्रंथालय उभं केलं.

गोष्टीत माणसांच्या परिषदांवर परिषदा होतात आणि निष्पन्न काहीच होत नाही. शेवटी हत्ती, सिंह आणि जिराफ वैतागतात आणि प्राण्यांची परिषद भरवतात. माणसं ऐकेनात तेव्हा उंदीर येऊन सगळ्या फायली कुरतडतात. माणसांकडे नकला तयार! मग कसर येऊन गणवेश खाते. ते नवे शिवले जातात. अखेर प्राणी जगातली सगळी मुलं लपवून ठेवतात, तेव्हा कुठे पुढारी सही करतात.

फायलींच्या नकला निघतात तिथे कुठलंही मूल हसतं. त्याला मुत्सद्देगिरी समजायची गरज नसते. कपाटात कागद ठेवून 'काम चालू आहे' म्हणणारी मोठी माणसं त्यानं घरात आणि शाळेत पाहिलेली असतात. उलट बाजूला 'गलिव्हर'. स्विफ्टनं ते १७२६ मध्ये मोठ्यांसाठी लिहिलं. अंडं कुठल्या टोकानं फोडायचं यावरून त्यात दोन राज्यं छत्तीस महिने लढतात. आपण ते मुलांना देतो खरं, पण लहानांच्या संक्षिप्त आवृत्त्यांत बहुधा दोऱ्यांनी बांधलेला मोठा माणूसच उरतो, अंड्याचं भांडण गळून जातं. मुलांना कळणार नाही म्हणून मोठ्यांनीच तो भाग कापलेला असतो. आणि मुलांच्या कट्ट्या कशावरून होतात हे आठवा, मग अंड्याचं भांडण त्यांना आपल्यापेक्षा लवकर कळेल असं मला वाटतं.

उरला शेवट. यूक लोक बिळात उतरतात, आजोबा आणि झूकांचा गडी भिंतीवर बाँब धरून समोरासमोर, आणि पुस्तक संपतं. सात वर्षांच्या मुलीला झोपताना हे मी वाचून दाखवणार नाही. इथे तुमच्याशी सहमत. दुपारी, नऊ-दहाच्या वयात, आणि शेजारी बसून. शेवट तोडून 'मग सगळे मित्र झाले' असं तोंडी जोडू मात्र नका, मुलं ती थाप लगेच ओळखतात.

आत्ता द्यायचंच असेल तर मन्‍रो लीफचा 'फर्डिनांड' द्या. झुंजायला नकार देऊन फुलं हुंगत बसलेला बैल. १९३६ चं पुस्तक, बैलाखेरीज त्यात कुणी राजकारणी नाही, तरी फ्रँकोच्या स्पेनमध्ये त्यावर बंदी आली आणि नाझींनी ते जाळलं. युद्ध संपल्यावर लेपमनबाईंनी स्वतः त्याचा जर्मन अनुवाद केला आणि ३०,००० प्रती छापून मुलांना वाटल्या. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बैलाला मधमाशी चावते, एवढंच.

आणि 'गुपी-बाघा' एकत्र बसून बघा, वडिलांनाही बोलवा. बंगाली येत नसलं तरी उपशीर्षकांवर भागतं. सुरुवातीचा भुतांचा नाच मोठ्यांना लांब वाटतो, पण तो पुढे पळवू नका. राजे, गोरे साहेब, लठ्ठ शेटजी-भटजी आणि साधी माणसं अशी भुतांची चार टोळकी नाचता नाचता एकमेकांत लढू लागतात. तुमची मुलगी कुठल्या टोळक्याला हसते ते इथे खाली लिहा.