गाव ओस पाडायचंय? मग आधी नीट वसवा

रिकाम्या माळावर गाव ओस पाडता येत नाही राव, आधी वसवावं लागतं. अमेरिकेतल्या ग्रेट प्लेन्सचा, म्हणजे मधल्या भागातल्या कमी पावसाच्या गवताळ मैदानांचा नमुना घ्या, याच्याइतका पक्का दुसरा नाही. 1862 च्या होमस्टेड कायद्यासारखं काहीतरी काढा, 160 एकर घ्या, 5 वर्षं तिथं राहून शेती करा, जमीन तुमची. पाऊस कमी पडतो म्हणून कोणी कुरकुरलं तर सांगायचं की नांगर फिरला की मागोमाग पाऊस येतोच. (हसू नका, शिकलेसवरलेले लोक तेव्हा हे छातीठोकपणे सांगायचे, आणि ज्या रेल्वे कंपन्यांना स्वतःच्या जमिनी खपवायच्या होत्या त्यांना तर हे फारच पटलं होतं.)

मग गावाला चांगले दिवस दाखवा, ही पायरी चुकवायची नाही. पहिलं महायुद्ध चालेल. गहू बुशेलला (म्हणजे साधारण 27 किलोला) 2 डॉलरच्या वर गेला की बँक, शाळा, चर्च धडाधड उभं राहतं, तेवढ्यात लोकांना कर्जावर ट्रॅक्टर घ्यायला लावा आणि माती धरून बसलेलं गवत मुळासकट उलथून टाका, गवताला कुठं भाव असतो. पुढं गव्हाचाही भाव पडला तर अजून पेरायला सांगा, शेजारीपण तेच करणार आहे हे बोलायचं नाही.

1930 च्या दशकात पाऊस दांडी मारतो, मग तुम्हाला काही करावंच लागत नाही, माती आपली आपण निघून जाते. मे 1934 मध्ये ती धूळ पार वॉशिंग्टनपर्यंत गेली, 14 एप्रिल 1935 ला भर दिवसा अंधार झाला, आणि त्याच महिन्यात मृदसंधारणाचा कायदा आला!

उतावळे लोक इथंच फसतात, त्यांना वाटतं गाव संपलं. कुठलं, पाऊस परत येतो. आता ओगालालाचं, म्हणजे या मैदानांखालच्या प्रचंड भूजलसाठ्याचं पाणी दाखवा, हजारो वर्षांत साठलेलं, उपसायला एकदोन पिढ्या पुरतात. पीक जोरात येतं, मशीन मोठं होतं, मोठं मशीन परवडायला मोठं शेत लागतं, आणि मोठं शेत म्हणजे शेजाऱ्याचं शेत. 1970 च्या दशकात कृषिमंत्री अर्ल बट्झ बांधापासून बांधापर्यंत पेरा म्हणत होते, 1980 च्या दशकात व्याज वाढलं आणि लिलाव सुरू झाले, म्हणजे सरकारी सल्ला पाळणाऱ्यालाही न्याय मिळाला. शाळा शेजारच्या गावात जोडा, पोस्ट बंद करा, दवाखाना मग स्वतःच जातो.

रेकॉर्ड पीक आलं की सत्कार मात्र गावातच ठेवा, फक्त टाळ्यांसाठी माणसं बाहेरून आणावी लागतील, बस आधीच बुक करून ठेवा.