कोडावरचा 'निळा दिवा': त्या मेसेजमधल्या एकेका दाव्याबद्दल

सांगली-मिरजेकडच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. थोडक्यात तो असा: 'कोड घालवायला दवाखान्याचे हेलपाटे कशाला? ऑनलाइन कुठलाही निळा यूव्ही दिवा मागवा, रोज पंधरा मिनिटं डागावर धरा. आपली कातडी सावळी, ती भाजत नाही. डोळे मिटले की पुरे. आधी बावचीचं तेल लावलंत तर महिन्याभरात रंग येतो.' आणि शेवटी, 'ज्यांच्या घरी लग्नाची मुलगी आहे त्यांना नक्की पाठवा.' या शेवटच्या ओळीमुळे मला लिहावंच लागतंय. ज्या घरात आधीच घाई आणि काळजी आहे, तिथेच हा मेसेज खरा मानला जाणार.

हेलपाट्यांची तक्रार मात्र खरी आहे. जतहून किंवा आटपाडीहून आठवड्यातून तीनदा लाईट, म्हणजे कोडावरचा अतिनील (यूव्ही) किरणांचा उपचार, घ्यायला मिरजेला यायचं म्हणजे मजुरी बुडते, पोरांची शाळा बुडते. त्यामुळे घरी दिवा घेणं यात चूक काहीच नाही. स्कीनचे डॉक्टर तो स्वतःच लिहून देतात. ब्रिटनमध्ये 517 जणांवर घरच्या दिव्याची चाचणी झाली, 2021 मध्ये ती छापून आली. दिवा आणि स्टेरॉइडचं मलम दोन्ही वापरणाऱ्यांपैकी साधारण चौघांत एकाने नऊ महिन्यांनी सांगितलं की डाग आता फारच कमी दिसतो किंवा दिसतच नाही. नऊ महिने, आणि चौघांत एक. 'महिन्याभरात रंग' या दाव्याची किंमत यावरून ठरवा.

'कुठलाही निळा दिवा' हे त्या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य. कोडासाठी लागतो तो नॅरोबँड यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांच्या एका अरुंद पट्ट्यातला, 311 ते 313 नॅनोमीटरचा दिवा (नॅनोमीटर हे किरणांची तरंगलांबी मोजायचं माप). डोळ्यांना जो निळा उजेड दिसतो तो औषध नव्हेच. औषधाचे किरण दिसत नाहीत. पाण्याच्या फिल्टरमधला आणि 2020 मध्ये कोविडच्या भीतीने घरोघरी आलेला जंतू मारायचा दिवा बहुतेक वेळा 254 नॅनोमीटरचा असतो. त्याने कातडी आणि डोळे दोन्ही भाजतात. हात निर्जंतुक करायलाही तो वापरू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेला तेव्हा सांगावं लागलं होतं. कातडी सावळी करायला 'टॅनिंग लॅम्प' म्हणून मिळतात ते मुख्यतः यूव्हीए, म्हणजे वेगळ्या प्रकारचे अतिनील किरण, सोडतात. त्याने भोवतालची चांगली कातडी काळवंडते आणि मधला पांढरा डाग आणखी उठून दिसतो. शिवाय टॅनिंगची ही उपकरणं 2009 पासून कर्करोगाच्या खात्रीशीर कारणांच्या यादीत आहेत.

सावळ्या कातडीचं म्हणाल तर तीही भाजते. आणि डागात तर रंगद्रव्यच उरलेलं नसतं, म्हणजे ऊन अडवणारं काहीच नाही.

आता रोजची पंधरा मिनिटं. हा उपचार मिनिटांत मोजत नाहीत, मात्रेत, म्हणजे कातडीवर पडणाऱ्या किरणांच्या ऊर्जेत, मोजतात. सुरुवात बहुधा चौरस सेंटीमीटरला 200 मिलिज्यूलच्या आसपास होते, आणि त्याला किती सेकंद लागतील हे त्या-त्या दिव्यावर ठरतं. दिवा कातडीपासून नेमक्या अंतरावर राहावा म्हणून पुढे कंगव्यासारखी पट्टी असते. ती काढून दिवा जवळ नेला की मात्रा वाढली. डॉक्टर एक वही करायला सांगतात: तारीख, किती सेकंद, दुसऱ्या दिवशी डाग कसा दिसला. दुसऱ्या दिवशीची नोंद सगळ्यात महत्त्वाची, कारण यूव्हीबीने भाजलेलं लगेच कळत नाही. लाली बारा ते चोवीस तासांत पुरती वर येते. रोज दिवा घेणारा माणूस कालचं भाजणं दिसायच्या आत आजचं त्यावर चढवतो. म्हणून मध्ये एक दिवस सोडून, आठवड्यातून तीनदा. फिकट गुलाबी रंग येऊन चोवीस तासांत गेला तर मात्रा बरोबर बसली. त्याहून जास्त टिकला तर तो जाईपर्यंत थांबायचं. ट्यूब जुनी झाली की मंदावते, त्यामुळे नवी बसवल्यावर जुनेच सेकंद चालू ठेवले तर हमखास पोळतं.

डोळे मिटण्याबद्दल कुपवाड एमआयडीसीतल्या कुठल्याही वेल्डरला विचारा. काच न लावता काम केलं की दिवसभर काही वाटत नाही. रात्री दोन वाजता डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं होतं, पाणी थांबत नाही, उजेड सोसवत नाही. तो त्रास अतिनील किरणांचाच. दिव्याबरोबर यूव्ही अडवणारा गॉगल घालायचाच, शेजारी बसलेल्या लहान भावंडानेसुद्धा. डाग पापणीवरच असेल तर कसं करायचं हे डॉक्टर वेगळं सांगतील.

बावचीचा दावा वाचून मला खरोखर भीती वाटली. बावची हे आयुर्वेदातलं जुनं औषध आहे, त्याची हेटाळणी मला करायची नाही. पण तिच्यात सोरालेन नावाचं द्रव्य असतं, आणि त्याने कातडी अतिनील किरणांना कमालीची हळवी होते. तेल लावून दुपारी अंगणात बसलेल्यांनाही पाण्याने भरलेले फोड येतात. त्यावर मनाने दिवा धरणं म्हणजे दोन औषधं एकाच वेळी, दोन्ही न मोजता. आणि कोडाचं वैशिष्ट्य असं की जिथे कातडीला इजा होते तिथे नवा डाग उठू शकतो. म्हणजे डाग घालवायला गेलात आणि वाढवून बसलात. डॉक्सिसायक्लिनसारख्या काही गोळ्यांनीही कातडी अशी हळवी होते, म्हणून चालू असलेली सगळी औषधं, तेलं-लेप धरून, डॉक्टरांना सांगा.

दिवा आधीच मागवला असेल तर खोक्यावर 311 नॅनोमीटर लिहिलंय का पाहा. नसेल तर लावू नका. असेल तर दिवा, त्याची माहितीपत्रिका आणि चालू औषधं घेऊन डॉक्टरांकडे जा आणि पहिली वेळ त्यांच्यासमोर घ्या. मेसेज वाचून ज्यांनी तो सुरू केलाय आणि डाग लाल होऊन दुखतोय, त्यांनी आजची पाळी घेऊ नये. फोड असतील तर फोडू नयेत, दाखवून घ्यावेत. डोळे चुरचुरत असतील तर बटाट्याच्या चकत्या ठेवून रात्र काढू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.