पांढऱ्या थीमवर तांबडी चटणी

"आज्जी, पुण्या-मुंबईच्या लोकांनी घरबसल्या चटणी मागवायची आणि आपण घरबसल्या पाठवायची," असं पुतण्यानं आईला पटवलं आणि आमचा उन्हाळा गेला.

चटणी म्हणजे इडलीबरोबरची नव्हे. कोल्हापुरात चटणी म्हटलं की कांदा-लसणाची, डंकावर कुटलेली, वर्षभर बरणीत बसणारी. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, झणक्याला लवंगी हा हिशेब बायकोला तोंडपाठ. लक्ष्मीपुरीतून मिरची येते, गच्चीवर वाळते आणि एप्रिल-मेमध्ये गल्लीत शिंकल्याशिवाय कुणाला पुढं जाता येत नाही. अशी चटणी विकायला आता वेबसाइट हवी होती, आणि वेबसाइटला थीम, म्हणजे तिचा तयार साज.

वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेसवर दहा हजारांहून जास्त थीम फुकट आहेत, असं पुतण्यानं मोठ्या आनंदानं सांगितलं. मला तिथंच घाम फुटला, कारण हिच्याबरोबर महाद्वार रोडला साडी घ्यायला मीच जातो. तरी साडीच्या दुकानात एक बरं असतं. साठाव्या साडीला गादीवरच्या माणसाचं तोंड बघून आपल्यालाच लाज वाटते आणि एकसष्टावी पसंत पडते. लॅपटॉपला तोंड नाही. तो घड्याही घालत नाही, की चहाही मागवत नाही.

रोज रात्री जेवणं झाली की आम्ही बसायचो. पहिलीच थीम हिला आवडली. काय आवडलं, विचारलं तर म्हणाली, "ते संगमरवरी टेबल." दुसऱ्या थीममधलं खिडकीतनं येणारं ऊन आवडलं. तिसरीत एक गोरी बाई दोन्ही हातांत कप धरून कुठंतरी लांब बघत होती. ती मला आवडली, पण ते मी बोललो नाही. तेरा रात्री आम्ही लोकांची टेबलं, खिडक्या आणि ऊन पसंत करत होतो. शेवटी उरल्या दोन, एक पांढरी आणि एक लाल. आई म्हणाली, "तांबडा-पांढरा दोन्ही घ्या की." एकच घेता येते म्हटल्यावर पांढरी ठरली.

मग तिच्यात आमचे फोटो घातले, आणि पुतळ्याची साडी घरी आणून नेसल्यावर जे होतं ते झालं. टेबल गेलं, ऊन गेलं, बाई गेली. उरली ट्यूबलाइटखाली काढलेली, स्टीलच्या वाटीतली चटणी. वाटीवर 'वास्तुशांतीनिमित्त सप्रेम भेट' असं कोरलेलं. थीमनं फोटो आपोआप चौकोनी कापला. त्यात नेमकी चटणी गेली आणि 'सप्रेम भेट' तेवढं राहिलं. खाली किंमत, 400. तीसुद्धा डॉलरमध्ये. सेटिंग सापडेपर्यंत एक रात्रभर आमची चटणी 400 डॉलरला होती. दुर्दैवानं कुणी घेतली नाही.

आईनं चष्मा लावून बघितलं. "दुकान एवढं मोकळं का? माल संपला काय?"

"आज्जी, ह्याला मिनिमल म्हणतात."

"आमच्या वेळी ह्याला दिवाळं म्हणायचे."

अक्षरांची तऱ्हा वेगळीच. इंग्रजीत मथळ्याची अक्षरं सुटी सुटी ठेवली की म्हणे दुकान श्रीमंत दिसतं. देवनागरीत तसं केल्यावर डोक्यावरची रेघच तुटली, आणि 'कां दा ल सू ण' असं पहिलीतलं पोर बोट ठेवून वाचतंय असं दिसायला लागलं. वरच्या वेलांट्या कापल्या गेल्या त्या वेगळ्याच. पुतण्यानं अक्षरांमधलं अंतर शून्यावर आणलं, ओळींमधलं वाढवलं, मुक्ता फॉन्ट घातला, तेव्हा कुठं चटणी सलग वाचता आली. अन्न सुरक्षेचा 14 आकडी नंबर टाकायला मात्र थीममध्ये जागा नव्हती. इन्स्टाग्रामला चार ठिकाणी होती.

'आमची गोष्ट' या चौकटीत आधीपासूनच काहीतरी अगम्य लिहिलेलं होतं. लोरेम इप्सम. नुसती जागा भरायला असतं, अर्थ नसतो, असं पुतण्या म्हणाला. मला राहवेना म्हणून शोधलं. सिसेरो नावाच्या रोमनानं इसवीसनपूर्व 45 मध्ये लिहिलेल्या मजकुराची ती मोडतोड. मूळ वाक्य साधारण असं, की वेदना ही वेदना आहे म्हणून तिच्यावर प्रेम करणारा कुणी नसतो. मी मोठ्यानं वाचून दाखवलं.

"त्यानं आपली चटणी खाल्लेली नसणार," बायको म्हणाली.

खाली 'ग्राहक काय म्हणतात' मध्ये तीन हसरे परदेशी लोक होते. तेव्हा लक्षात आलं, ही थीम मुळात कपड्यांच्या दुकानाची. एक म्हणत होता, खांद्यावर अगदी बरोबर बसलं. दुसरी म्हणत होती, दहा वेळा धुतलं तरी रंग गेला नाही. मी खोडायला गेलो तर बायकोनं हात धरला. "मी सांगतो, रंगाचं ते खरं आहे. राहू दे." (आमच्याकडं बायकाही 'मी सांगतो' म्हणतात. घरात कोण सांगतो, ते कळावं म्हणून असेल.) बरीच वादावादी होऊन तिघंही गेले.

पण कपड्यांचे साइज काढायचे राहिले, आणि तसंच दुकान उघडलं. चटणीच्या पाकिटाखाली एस, एम, एल, एक्सएल. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकूंचा फोन. "अगं, एल म्हणजे लई तिखट न्हवं? आमच्या ह्यांना तेच लागतंय."

पुतण्या घाईनं काढायला बसला. बायको म्हणाली, "थांब." आणि कागदावर लिहून दिलं. एस म्हणजे सपक, एम म्हणजे मध्यम, एल म्हणजे लई.

आठवड्यात दहा ऑर्डरी आल्या. सात एल, दोन एम. एस एकच, पुण्याहून, माझ्या सख्ख्या मेव्हण्याची. त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.

काल रात्री इचलकरंजीहून कुणीतरी एक्सएल मागवलंय. हिनं सकाळीच पिशवी उचलली आणि एकदम लई लवंगी आणायला लक्ष्मीपुरीत गेलीय.