नदी हवीच कशाला?

इंग्लंडात नव्याने आलेल्या मराठी माणसाला पहिला हिवाळा सरला की एखादा छंद हवासा वाटतो. क्रिकेटला गुडघे साथ देत नाहीत आणि ढोल-ताशा पथकाची तालीम दोन तासांच्या ड्राइव्हवर असते. उरतो गळ. आमच्या मालवणकडे याला गरवणं म्हणतात, आणि ते करणाऱ्या मुलाला 'काही कामधंदा नाही का' असं विचारतात. इथे हाच उद्योग पन्नाशीचे गृहस्थ दीड हजार पौंडांचं सामान घेऊन करतात आणि कोणी काही विचारत नाही. मी मिडलँड्समध्ये अकरा वर्षं गळ टाकतोय. त्यातली पहिली सहा एका स्थानिक क्लबात फुकट गेली. तुमची जाऊ नयेत म्हणून हा प्रपंच.

आधी सरकारी परवाना काढा. तेरा आणि त्यावरच्या वयाच्या प्रत्येकाला तो लागतो, तळं खाजगी असलं तरी लागतो, आणि विनापरवाना सापडलात तर दंड 2,500 पौंडांपर्यंत जाऊ शकतो. एवढ्या पैशात आयुष्यभराचे पापलेट येतील. परवाना खिशात पडला की खरा प्रश्न उभा राहतो: क्लब की कमर्शियल, म्हणजे तिकीट लावून गळ टाकू देणारं खाजगी तळं?

क्लबात जाऊ नका. तिथे वर्षाची वर्गणी भरली की एक छोटी पुस्तिका मिळते. तिच्यात नदीच्या कुठल्या पट्ट्यावर बसायची परवानगी आहे ते लिहिलेलं असतं, म्हणजे 'तिसऱ्या फाटकातून आत, डावीकडे वळा, शेतात बैल असेल तर दुसऱ्या दिवशी या' अशा थाटात. 15 मार्च ते 15 जून नदी बंद, कारण माशांच्या विणीचा काळ. आमचे कोळी पावसाळ्यात होड्या ओढून ठेवतात तशातलाच प्रकार. मग 15 जूनच्या रात्री हे लोक काठावर खुर्च्या टाकून, थर्मास उघडून, बारा वाजायची वाट बघत बसतात. बारा वाजून एक मिनिटाला गळ पाण्यात. पहाटे पाचला माझ्या गळाला मुडदुशीएवढा एक गजन नावाचा मासा लागला. शेजारच्या आजोबांनी टोपी काढून माझं अभिनंदन केलं. मी पुण्याला वर्गमित्राच्या लग्नाला न जाता हे करत होतो.

शिवाय क्लब तुमच्याकडून काम करून घेतो. वर्षातून तीन-चार रविवार काटेरी झुडपं तोडायची, खचलेल्या पायऱ्या नीट करायच्या, पाण्यातली सुपरमार्केटची ट्रॉली दोर लावून ओढायची. वर्गणी भरून वर मजुरी! गणेशोत्सव मंडळात निदान शेवटी प्रसाद तरी मिळतो.

आता कमर्शियलचं बघा. कुण्या शेतकऱ्याला बटाट्यापेक्षा पाणी परवडतं हे कळतं, तो जेसीबी लावून चार-सहा तळी खोदतो. त्यातलं एखादं मुद्दाम सापासारखं वळणावळणाचं. चिंचोळं पाणी असल्यामुळे समोरचा काठ प्रत्येकाच्या पोलच्या, म्हणजे लांबलचक गळकाठीच्या, टप्प्यात येतो, आणि मोठे मासे पलीकडच्या काठाला चिकटून राहतात हे तर शास्त्रच आहे. प्रत्येकाला स्वतःचा पलीकडचा काठ! बसायच्या जागेला पेग म्हणतात. गैरसमज करून घेऊ नका, त्यात ओतण्यासारखं काही नसतं. नंबर लावलेली लाकडी फळी असते, आणि गाडी तिच्या पाठीला टेकवता येते. दिवसाचं तिकीट काढा, कॅफेत बेकन-पाव खा, बसा.

पाण्यात मासे किती? आषाढी एकादशीला चंद्रभागेच्या वाळवंटात माणसं असतात तितके. त्यांच्यातला खास मानकरी एफ-वन. हे नाव मोटारींच्या शर्यतीवरून आलेलं नाही. साधा कार्प आणि क्रुशियन कार्प यांचा हा संकर, मत्स्यशेतीत पैदा केलेला. त्याचा सर्वांत मोठा गुण असा की थंडीत इतर कार्प तोंड मिटून तळाशी बसतात तेव्हाही हा खात राहतो. डिसेंबरातही रजा न मागणारा कर्मचारी. कुठल्याही मालकाला असाच हवा असतो.

मी एकदा सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळात त्रेपन्न मासे काढले. हिशेब केला तर मासा साधारण वीस पेन्सना पडला. नदीवरच्या सहा वर्षांचा असा हिशेब मी केलेला नाही, बायकोने केलाय. त्रेपन्नातल्या एकाचा खालचा ओठ मी जवळून पाहिला. तो एका बाजूने फाटून बरा झालेला, दुसऱ्या बाजूने ताजा फाटलेला, आणि मधे बटणाच्या काजासारखं भोक. माझा गळ त्या तयार भोकात अलगद बसला होता, मला नवीन पाडावंही लागलं नाही. याला म्हणतात पायाभूत सुविधा. तळ्यावर नियमही कडक: गळाला उलटा काटा नको, मासा जमिनीवर नको, ओल्या गादीवरच ठेवायचा, जखम दिसली तर औषध लावायचं, आणि मग पाण्यात परत सोडायचा, म्हणजे दुपारच्या बॅचला तो हजर.

आईला व्हिडिओ कॉलवर नऊ पौंड वजनाचा कार्प दाखवला. म्हणाली, "बरोच मोठो आसा. तुकडे किती पडतले?" सोडून दिला म्हटल्यावर बराच वेळ आवाज आला नाही. मला वाटलं नेट गेलं.

माशावर प्रेम कसं करावं हेही इथे शिकून घ्या. पीटरबरोजवळच्या ब्लूबेल लेक्समध्ये बेन्सन नावाची कार्प होती. तिच्या पराला सिगारेटचा चटका बसल्यासारखं भोक होतं, म्हणून हे नाव. जोडीला हेजेस होता (बेन्सन अँड हेजेस हा सिगारेटचा ब्रँड), तो 1998च्या पुरात नाहीसा झाला. बेन्सनचं वजन चौसष्ट पौंडांपर्यंत गेलं होतं, आणि साठाहून जास्त वेळा ती गळाला लागली. 2009मध्ये ती गेली तेव्हा राष्ट्रीय वृत्तपत्रांनी बातम्या छापल्या, लोक हळहळले. साठ वेळा ओठ टोचून घेतल्याशिवाय एवढी कीर्ती मिळत नाही.

क्लबांना मात्र एक वाईट खोड आहे, ती म्हणजे कोर्टबाजी. डर्बीचा एक क्लब होता, त्याच्याकडे डर्वेंट नदीवर मासेमारीचा हक्क होता. वरच्या अंगाला कृत्रिम रेशमाचा कारखाना रसायनं सोडायचा, नगरपालिका अर्धवट शुद्ध केलेलं सांडपाणी, आणि वीज मंडळ गरम पाणी. समजूतदार माणसाने काय केलं असतं? दुसरीकडे गळ टाकला असता. या गळवाल्यांनी तिघांनाही कोर्टात खेचलं आणि 1950च्या दशकाच्या सुरुवातीला अपील कोर्टापर्यंत जाऊन जिंकले. सुधारायला मुदत मिळाली, पण मनाई हुकूम झालाच. अशा भांडखोर क्लबांना वकील पुरवायला 1948मध्ये एक संस्थाच निघाली होती. ती आज फिश लीगल या नावाने चालते. खोड गेलेली नाही. 2023मध्ये यॉर्कशरमधल्या पिकरिंगच्या क्लबाने एका ओढ्यासाठी हाय कोर्टात खुद्द पर्यावरण मंत्र्यांवर मात केली. ओढ्यासाठी!

तळ्याच्या मालकाला असल्या उचापतींची गरज नाही, कारण त्याला नदीच लागत नाही. पाणी बोअरचं, हवा पंपाची, मासे टँकरमधून. पाणमांजरं 2011पर्यंत इंग्लंडच्या प्रत्येक काउंटीत परतली, कारण नद्या पूर्वीइतक्या विषारी राहिल्या नव्हत्या. निसर्गप्रेमींना आनंद झाला. तळ्याच्या मालकांनी कुंपणाची कोटेशन्स मागवली.

म्हणून सांगतो, क्लब संपवायला वेगळं काही करावं लागत नाही. फक्त जाऊ नका. वर्षाच्या सभेला सत्तर खुर्च्या मांडतात, पंधरा भरतात, त्यातल्या दोघांना ऐकू येत नाही. वर्गणी कमी पडली की नदीकाठच्या पट्ट्याचा भाडेकरार पुढे चालवता येत नाही, आणि कुठे आवाजही होत नाही.

गेल्या ऑक्टोबरात मी सवयीने तळ्याकडे निघालो होतो. पुलावर ते टोपीवाले आजोबा दिसले. खाली पाण्यावर करडा फेस होता, आणि त्यात पांढरी पोटं वर करून बोटाबोटाएवढे मासे. आजोबा गुडघाभर पाण्यात उतरून दुधाच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरत होते. झाकण लावलं, खिशातून पेन काढून बाटलीवर तारीख घातली, मग घड्याळ बघून वेळ, मग पुलाचं नाव. दुसरी बाटली पुलाच्या वरच्या अंगाला भरायला निघाले. मला बघून म्हणाले, "एक हात देतोस का, काठ निसरडा आहे."

तुमच्यावर असा प्रसंग आला तर गाडीची काच वर करा आणि पुढे चला. तळ्यावरच्या कॅफेत साडेदहानंतर नाश्ता मिळत नाही. त्या दिवशी मलाही मिळाला नाही.