पोथीचा कौल आणि अँजिओग्राफीची तारीख

ठाण्याच्या नौपाड्यात राहणाऱ्या माझ्या 74 वर्षांच्या मावशीने अँजिओग्राफीची ठरलेली तारीख फोन करून रद्द केली, आणि त्याचे कारण मला दोन दिवसांनी, तेही मी खोदून खोदून विचारल्यावर सांगितले. दुसऱ्या मजल्याचा जिना चढताना तिच्या छातीवर दडपण येते, पायरीवर टेकून चार-पाच मिनिटे बसले की ते उतरते. डॉक्टरांनी हे लक्षण अंगावर काढू नका असे स्पष्ट बजावले होते. तरीही तिने तारीख रद्द केली, कारण तिला 'संकेत' मिळाला होता. संकेत कसा घ्यावा, हे तिला व्हॉट्सॲपवरून आलेल्या एका लांबलचक संदेशाने शिकवले होते. 'योगायोग नावाची गोष्टच नसते' असे त्याचे शीर्षक असून तो तिच्या भजनी मंडळाच्या गटात, आमच्या नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या सोसायटीच्या गटात आणि नात्यातल्या गटात असा मला तीन वेळा आला. पहिल्या दोन वेळा मी तो न वाचता पुसून टाकला होता. तिसऱ्या वेळी शेवटपर्यंत वाचला, आणि आता त्याला उत्तर दिल्यावाचून राहवत नाही.

संदेशाचा पहिला मुद्दा असा, की 'आपल्या ऋषींना योगायोग मान्यच नव्हता, म्हणून संस्कृतात योगायोगाला शब्दच नाही. ही कल्पना पाश्चात्त्यांनी आपल्या माथी मारली.' हे वाक्य लिहिणाऱ्याने संस्कृत तर राहोच, घरातले मराठीही नीट ऐकलेले दिसत नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असे आपल्याकडे कोण म्हणत नाही? हा कावळा थेट संस्कृतातून उडत आलेला आहे. तिथे तो ताडाच्या झाडावर येऊन बसतो आणि त्याच क्षणी ताडाचे फळ गळून पडते. कावळ्याने फळ पाडलेले नसते आणि फळ कावळ्यासाठी थांबलेले नसते. याला 'काकतालीय न्याय' म्हणतात (न्याय म्हणजे येथे दृष्टांत), आणि व्याकरणकार पाणिनीच्या सूत्रांवरील टीकाग्रंथांमध्ये हा शब्द कसा तयार होतो याची रीतसर चर्चा आहे. त्याचाच भाऊबंद म्हणजे 'घुणाक्षर न्याय'. घुण नावाचा किडा लाकूड किंवा पान कोरत जातो आणि त्या कोरण्यातून एखादे अक्षर उमटते. किड्याला अर्थातच लिहिता-वाचता येत नसते. माझ्या आजोबांच्या एका जुन्या पोथीच्या शेवटच्या पानांवर किड्यांनी असेच एक स्वच्छ 'ठ' कोरलेले आहे. तो ठाण्याचा ठ आहे, असे माझा धाकटा भाऊ लहानपणी छातीठोकपणे सांगत असे. ठ हे अक्षर मुळात गोलच असल्यामुळे किड्याला फारसे कष्ट पडले नसावेत.

परंतु म्हणी आणि न्याय हे लोकव्यवहारातले झाले, ऋषींचे काय, असे कोणी विचारील, म्हणून उपनिषदाकडेच जाऊ. श्वेताश्वतर उपनिषदाच्या पहिल्या अध्यायातला दुसरा मंत्र या जगाचे कारण काय असावे याची चौकशी करतो आणि संभाव्य उत्तरांची यादीच देतो: 'कालः स्वभावो नियतिर्यदृच्छा भूतानि योनिः पुरुष इति चिन्त्या'. काळ, स्वभाव, नियती आणि यदृच्छा. यदृच्छा म्हणजे आपोआप, कोणी न योजता, जसे घडले तसे घडणे. मराठीत ज्याला आपण योगायोग म्हणतो तेच. येथे नियती आणि यदृच्छा हे शब्द शेजारी शेजारी आहेत, आणि ते दोन वेगळे पर्याय म्हणून आहेत. म्हणजे 'ठरलेले घडणे' आणि 'सहज घडणे' यांतला फरक हा मंत्र रचणाऱ्याला पुरता ठाऊक होता. तो पुसून टाकण्याचे काम आजच्या संदेशकर्त्याने केले आहे. एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे, नाहीतर मीही त्याच्यासारखीच अर्धे वाक्य उचलणारी ठरेन. उपनिषद यदृच्छेवर थांबत नाही. पुढच्याच मंत्रात ते देवाच्या आत्मशक्तीकडे वळते आणि जगाचे मूळ कारण तेथे शोधते. मूळ कारण म्हणून यदृच्छा त्याने नाकारली, हे खरे. पण नाकारायला आधी शब्द लागतो आणि विचार लागतो, आणि दोन्ही तेथे आहेत. शिवाय जगाचे मूळ कारण ही एक गोष्ट झाली आणि रिक्षाच्या नंबरात आपली जन्मतारीख दिसणे ही दुसरी. गीतेच्या चौथ्या अध्यायात तर 'यदृच्छालाभसन्तुष्टो' असे म्हटले आहे. सहजगत्या जे मिळेल त्यात समाधान मानणाऱ्याची ती प्रशंसा आहे, जे मिळाले ते कोणत्या खुणेने मिळाले याचा शोध घेत बसणाऱ्याची नव्हे. हा श्लोक मावशीला लहानपणापासून पाठ आहे.

दुसरा मुद्दा आइनस्टाइनचा. 'योगायोग म्हणजे देवाची अनामिक राहण्याची पद्धत' असे ते म्हणाले, असा दावा आहे. त्यांच्या लेखनात वा पत्रांत या वाक्याचा मूळ आधार मिळत नाही. मिळतो तो 1929 साली एका यहुदी धर्मगुरूंना त्यांनी तारेने दिलेला जबाब: अस्तित्वाच्या सुसंगत रचनेतून प्रकट होणाऱ्या, तत्त्वज्ञ स्पिनोझाच्या देवावर आपला विश्वास आहे, माणसांच्या नशिबात आणि उद्योगांत लक्ष घालणाऱ्या देवावर नाही. म्हणजे ज्यांच्या तोंडी हे वाक्य घातले त्यांचे मत नेमके उलटे होते. यावर आणखी शाई खर्च करण्याची गरज नाही.

तिसऱ्या मुद्द्यात 11:11 ही वेळ वारंवार दिसणे, जिची आठवण काढली त्याच व्यक्तीचा फोन येणे आणि भजनी मंडळातल्या दोघींचा वाढदिवस एकाच दिवशी असणे, हे सगळे 'विश्वाचे संदेश' म्हणून एकत्र बांधले आहे. वाढदिवसाचा हिशेब शाळेतल्या गणिताने होतो: केवळ 23 माणसे एकत्र आली तरी त्यांतल्या कोणत्या तरी दोघांचा वाढदिवस एक असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, आणि मावशीच्या मंडळात 30 जणी आहेत, तेथे ती 70 टक्क्यांच्या वर जाते. तसे घडले नसते तरच थोडे नवल वाटले असते. घड्याळाचे म्हणाल तर दिवसातून पन्नास वेळा आपण मोबाइल पाहतो, पण 10:47 दिसल्याचे कोणी कोणाला सांगत नाही. आठवण आणि फोन यांचेही तसेच; आठवण काढली आणि फोन आला नाही, असे दर दिवशी कितीदा होते याची नोंद कोण ठेवतो? 2011 च्या जनगणनेनुसार ठाणे महापालिकेच्या हद्दीत सुमारे 18.4 लाख आणि नवी मुंबईत 11.2 लाख लोक होते. लाखात एखाद्याच्याच वाट्याला येईल अशी विलक्षण गोष्ट रोज घडत असेल, तर या दोन शहरांत मिळून ती दररोज सुमारे तीस जणांच्या बाबतीत घडणार. ते तीस जण ती सांगतील, बाकीच्यांना सांगण्यासारखे काहीच नसेल.

चौथा मुद्दा युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाचा, आणि येथे मला थोडे नमते घ्यावे लागते. युंगने 1952 साली अर्थपूर्ण योगायोगांवर दीर्घ निबंध प्रसिद्ध केला, ही गोष्ट खरी. एक रुग्ण स्त्री सोनेरी भुंग्याचे स्वप्न सांगत असताना खिडकीवर तसाच एक भुंगा येऊन आदळला, हा त्याचा किस्साही खरा. परंतु त्याने अशा घटनांना 'कार्यकारणाविना' जुळणाऱ्या घटना म्हटले. कोणी तरी तो भुंगा धाडला, असे त्याचे म्हणणे नव्हते, आणि संदेशात मात्र 'विश्व संकेत पाठवते हे युंगने सिद्ध केले' असे छापले आहे. सिद्ध करण्याचा प्रयत्न त्याने केला होता, तो आपल्याकडच्या लोकांना रुचेल असाच आहे: त्याने 483 विवाहित जोडप्यांच्या पत्रिका तपासल्या. पहिल्या गठ्ठ्यात ग्रहयोगांचा काही प्रभाव दिसल्यासारखे वाटले, आणि पुढचे गठ्ठे तपासले तसतसा तो विरत गेला. ही माहिती संदेशात नाही.

तरीही जुळून आलेली गोष्ट माणसाला हलवते, हे मी नाकारणार नाही. ठाणे स्टेशनजवळच्या एका रद्दीच्या दुकानातून मी तत्त्वज्ञानावरचे एक जुने पुस्तक आणले होते. वाचता वाचता एका परिच्छेदापाशी हातात पेन्सिल घेतली आणि समासात 'हे मान्य नाही' असे लिहायला गेले, तर पान उलटल्यावर पुढच्या समासात फिकट पेन्सिलीने, वळणदार अक्षरात, कोणी तरी आधीच लिहून ठेवलेले होते: 'हे मान्य नाही.' त्या अनोळखी वाचकाबद्दल मला त्या रात्री जे वाटले ते खोटे नव्हते, आणि ते पुस्तक मी कोणालाही देणार नाही. पण त्यातून मला एक सोबती मिळाला, आदेश मिळाला नाही. शिवाय हा प्रसंग मी आजवर इतक्यांदा सांगितला आहे, की त्याच पुस्तकात त्या वाचकाने अन्यत्र 'वा!' असे लिहिलेल्या जागी मी कपाळाला हात लावला होता, हा भाग सांगण्यातून कधी गळला ते माझे मलाच कळले नाही.

आता पाचवा मुद्दा, ज्याने मावशीची तारीख घालवली. 'मोठा निर्णय घेण्यापूर्वी, विशेषतः शस्त्रक्रिया किंवा तपासणीपूर्वी, डोळे मिटून ग्रंथ उघडा. ज्या ओळीवर बोट पडेल तो ईश्वराचा कौल समजा.' मावशीने ज्ञानेश्वरी उघडली. बोट सहाव्या अध्यायात पडले आणि ओवीत 'स्थिर' हा शब्द होता. स्थिर राहा, म्हणजे कुठे जाऊ नकोस, म्हणजे रुग्णालयात जाऊ नकोस, असा अर्थ तिने लावला. सहावा अध्याय ध्यानयोगाचा आहे. तेथे योग्याने आसन कसे घालावे आणि चित्त कसे स्थिर करावे हा विषय चालला आहे. माउलींनी ते हृदयाच्या रक्तवाहिन्यांबद्दल लिहिलेले नाही.

मी रविवारी ठाण्याला गेले आणि तिच्याच देवघरासमोर बसून तीच पोथी मागितली. पाटावर ठेवून सोडून दिली, तर ती पुन्हा सहाव्या अध्यायातच उघडली. मावशीचा चेहरा उजळला. मी तिला बांधणी दाखवली. तिने अख्खा चातुर्मास सहावा अध्याय वाचला होता, खुणेसाठी त्यात मोरपीस ठेवले होते, आणि पुठ्ठ्याचा कणा नेमका तेथेच मोडला होता. पोथी कोणीही कुठेही टाकली तरी ती तेथेच उघडणार. मग मोरपीस काढून, पाने मुठीत धरून, मुद्दाम दुसरीकडे उघडली. पहिल्या खेपेला पहिला अध्याय आला, रणांगणावर शंख वाजत होते. पुढच्या खेपेला सतरावा, त्यात तिखट, आंबट, खारट अशा राजस आहाराचे वर्णन. "मग आता लोणचं सोडायचं का गं?" असे मावशीने विचारले आणि स्वतःच हसली.

हसण्याखेरीज आणखी एक गोष्ट मला तिला सांगायची होती, कारण 'तू नास्तिक झालीस' हा तिचा ठरलेला आक्षेप आहे. पोथीवर बोट टेकवून कौल घेणे यात भक्ती कोठे आहे? मुंबईत 1867 साली स्थापन झालेल्या आणि रानडे-भांडारकरांनी वाढवलेल्या प्रार्थना समाजाने कोणताही एक ग्रंथ ईश्वराने प्रत्यक्ष दिलेला मानला नाही, आणि तरीही तुकोबांच्या अभंगांवर त्यांच्या उपासना उभ्या राहिल्या. ग्रंथ समजून घेऊन वाचायचा असतो, अशी ती माणसे होती. आणि खुद्द तुकोबा काय म्हणतात? 'सांगों जाणती शकुन । भूत भविष्य वर्तमान ॥ त्यांचा आम्हांसी कंटाळा । पाहों नावडती डोळां ॥'. शकुन सांगणारे डोळ्यांनी पाहणेसुद्धा नको. हा अभंग मावशीच्या मंडळातल्या कोणालाही नवीन नाही. मात्र तो पुढे पाठवावा असे त्यांतल्या एकीलाही वाटले नाही. मला तर अशा संदेशांत देवाचीच अप्रतिष्ठा दिसते. मोटारींच्या नंबरांतून आणि घड्याळांच्या आकड्यांतून निरोप धाडणारा, आणि जिन्यात धापा टाकणाऱ्या बाईला 'जाऊ नकोस' असे सांगणारा देव हवा कोणाला?

मावशी त्यावर काही बोलली नाही. जेवण झाल्यावर तिने आपणहून डॉक्टरांचा कागद काढला, आणि सोमवारी सकाळी मी तिच्यादेखत रुग्णालयात फोन लावला. नवी तारीख गुरुवारची मिळाली. फोन ठेवताच ती म्हणाली, "बघ, महाराजांचा वार. आपोआप मिळाला की नाही?" तेथे रविवारी ही तपासणी होत नाही, तेव्हा सहा वारांतून एक, एवढाच तो हिशेब होता. तो मी तिला सांगितला नाही. बुधवारी रात्री तिच्याकडे मुक्कामाला येते, एवढेच म्हणाले.