लाइट रोस्टमध्ये सोया मिल्क का फाटलं: तुमच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू वाचला. दोन स्टार आणि तीन तक्रारी. लाइट रोस्टच्या, म्हणजे कमी भाजलेल्या बियांच्या, पोअर-ओव्हरमध्ये (गाळणीतल्या कॉफीवर गरम पाणी ओतून केलेल्या कॉफीत) सोया मिल्क घातल्या घातल्या फाटलं, म्हणजे आम्ही नासकं दूध दिलं. आमच्या डब्यावर ‘बरिस्ता’ (कॅफेत कॉफी करणारा) लिहिलेलं आहे, म्हणजे आत केमिकल भरलेलं. आणि तुम्ही घरी नुसत्या सोयाबीन आणि पाण्याचं जे डब्यातलं सोया मिल्क वापरता, ते ठेवताना आमचा हात आखडतो. हौसेने मागवलेली कॉफी तशीच टाकून उठावं लागलं, तर राग येणारच. पण ‘नासकं’ असं जाहीर लिहिलंत, आणि ते बाकीची गिऱ्हाइकंही वाचतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नासक्याचं. सोया मिल्क खराब झालेलं असलं तर ते बहुतेकदा डब्यातून ओततानाच कळतं. आंबूस वास येतो, धार तुटक पडते, कधी डबाच फुगलेला असतो. तुम्ही दूध वेगळं मागितलंत, म्हणून ते छोट्या जगमध्ये, फ्रिजमधलं गार, तसंच दिलं होतं. टेबल आवरताना जगमध्ये उरलेलं दूध आमच्या मुलाने पाहिलं. ते एकसंध होतं, वासही नव्हता. कपात मात्र वर पांढरे कण, तळाला साका आणि मधे गढूळ तपकिरी पाणी. एकाच डब्यातलं दूध जगमध्ये ठीक आणि कपात फाटलेलं, म्हणजे कारण कपात शोधायला हवं. मुलाने लगेच दुसरी कॉफी देऊ केली होती. तुम्ही घाईत होतात.

कपात झालं ते असं. कॉफीचा पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी, तितका आंबटपणा जास्त) साधारण ५ असतो, लाइट रोस्टचा त्याहून थोडा खालीही जातो. सोया मिल्कचा ७ च्या जवळपास. सोयाबीनमधली प्रथिनं ४.५ च्या आसपास एकमेकांना चिकटून खाली बसतात, आणि कॉफी गरम असेल, दुधात कॅल्शियम मिसळलेलं असेल, तर तिथवर जाण्याच्या बरंच आधी. टोफू करताना हेच मुद्दाम घडवून आणतात: गरम सोया मिल्कमध्ये कॅल्शियम सल्फेट नाहीतर एखादं आम्ल घालायचं, की दूध धरतं. म्हणजे तुमच्या कपात जे तरंगत होतं ते पोटाला अपायकारक नव्हतं. दिसायला वाईट होतं, हे मान्य.

आता प्रमाणाची गोष्ट, कारण इथे बहुतेकांचा अंदाज उलटा असतो. लोकांना वाटतं, थोडंसंच तर दूध घातलं, त्याने काय बिघडणार? पण मोठ्या कपभर काळ्या कॉफीत दोन चमचे सोया मिल्क घातलं तर अख्ख्या मिश्रणाचा आंबटपणा जवळजवळ कॉफीइतकाच राहतो, आणि ती बिचारी प्रथिनं एकदम त्या आम्लात पडतात. लाटेमध्ये उलट. एस्प्रेसो थोडी, दूध भरपूर, तेही आधीच गरम केलेलं. तिथे दूध कॉफीला सांभाळून घेतं. म्हणून तोच डबा आमच्याकडे लाटेसाठी दिवसभर चालतो, आणि लाइट रोस्टच्या पोअर-ओव्हरमध्ये गार गार ओतला की दगा देतो. त्या कॉफीत एरवी आम्ही दूध सुचवतच नाही; पण कुणी मागितलं तर नाही म्हणायचं, असा आमचा खाक्या नाही.

तुमच्या घरच्या सोया मिल्कबद्दल. सोयाबीन आणि पाणी, बास. त्या प्रकारच्या दुधाची चव मला स्वतःला आवडते, गार पेयांत तर आम्ही तेच घालतो. पण गरम कॉफीत सगळ्यात आधी फाटतं तेही हेच, कारण आम्ल झेलायला त्यात वेगळं काहीच घातलेलं नसतं. तुम्हीच लिहिलंय की घरी कधी असं झालं नाही. त्याच वाक्यात हेही लिहिलंय की घरी तुम्ही डार्क रोस्ट पिता आणि दूध उकळून घेता. डार्क रोस्टमध्ये, म्हणजे जास्त भाजलेल्या कॉफीत, आम्लता कमी असते, आणि गरम दुधाला गरम कॉफीचा झटका बसत नाही. या दोन गोष्टींमुळे तुमचं निभावतं. श्रेय डब्याला देऊ नका.

‘बरिस्ता’ या शब्दाला मीही फार किंमत देत नाही. डब्याच्या पुढच्या बाजूला काहीही छापता येतं. आम्ही मागची बारीक अक्षरं वाचतो. तिथे अ‍ॅसिडिटी रेग्युलेटर आहे का, हे पहिलं पाहायचं. बहुधा पोटॅशियम फॉस्फेट असतं, डब्यावर छापलेल्या आकड्यात ३४०, नाहीतर सोडियम सायट्रेट, ३३१. तुम्ही ज्याला केमिकल म्हणालात ते हेच असावं. त्याचं काम एवढंच की कॉफीचं आम्ल अंगावर घ्यायचं आणि मोकळं कॅल्शियम बांधून ठेवायचं, म्हणजे प्रथिनं गोळा होत नाहीत. फॉस्फेट गाई-म्हशीच्या दुधातही मुळातच असतं. किडनीच्या त्रासामुळे ज्यांना डॉक्टरांनी फॉस्फेट जपून घ्यायला सांगितलंय, त्यांनी आम्हाला जरूर सांगावं. त्यांच्यासाठी साधं सोया मिल्क आहेच. बाकीच्यांनी त्या आकड्याला घाबरायचं कारण मला तरी दिसत नाही. ४१८ म्हणजे जेलन गम, त्यामुळे दुधाचा थर वेगळा बसत नाही.

मग प्रथिनं बघायची. १०० मिलिलिटरला ३ ग्रॅमच्या आसपास किंवा वर असेल तर फेस धरतो. दोनच ग्रॅम असलं तर पाणचट लागतं आणि फेस कपापर्यंत पोचेपर्यंत बसलेला असतो. फॅट फारच कमी असलेले डबे आम्ही घेत नाही, कॉफी कोरडी लागते.

कॅल्शियमची मात्र गंमत आहे. वरून घातलेलं कॅल्शियम तब्येतीला चांगलं, पण त्यातलं काही आम्लात विरघळतं आणि प्रथिनांना एकत्र आणायला मदतच करतं. शिवाय ते डब्याच्या तळाशी बसतं. डबा न हलवता ओतलात तर पहिले कप पातळ आणि शेवटचा कप कॅल्शियमचा गाळ. आमच्याकडे प्रत्येक कपाआधी डबा हलवतात, ते उगाच नाही.

नवा डबा आला की आम्ही तो लाटेमध्ये तपासत नाही, तिथे जवळपास सगळेच पास होतात. दुकानातली सगळ्यात आंबट कॉफी घेतो, त्यात थोडंसं दूध घालतो आणि पाच मिनिटं कपाला हात लावत नाही. मग चमचा बुडवून त्याची पाठ उजेडात धरायची. रवाळ कण चिकटलेले दिसले की डबा बाद. दुसरी परीक्षा वाफेची: दूध वाफेने तापवतो, साठ अंशांच्या आसपास वाफ बंद करतो आणि वास घेतो. सोयाबीन दळताना त्यातल्या एन्झाइममुळे कच्च्या शेंगेसारखा वास तयार होतो. कारखान्यात बिया गरम करून दळल्या असतील तर तो कमी येतो, नसतील तर दूध तापलं की वर येतो. काही कंपन्या तो वास व्हॅनिला आणि साखरेखाली झाकतात. असलं दूध आम्ही गरम कॉफीसाठी घेत नाही, कारण मग कॉफीचीही चव झाकली जाते.

लाइट रोस्टमध्ये सोया मिल्क हवंच असेल तर घरी असं करून बघा. दूध आधी कोमट करा, कपात आधी दूध घ्या आणि कॉफी गाळल्यावर मिनिट-दोन मिनिटं थांबून बारीक धारेने त्यात सोडा. दूध सढळ हाताने घ्या. चिमूटभर खायचा सोडा घातला तर फाटत नाही, असं लोक सांगतात. खरं आहे, पण मग ज्या आंबटगोड चवीसाठी लाइट रोस्ट घेतला तीच मारली जाते. त्यापेक्षा डार्क रोस्ट घ्या. कोल्ड ब्रू, म्हणजे गार पाण्यात भिजवून केलेली कॉफीही सोया मिल्कला सहसा त्रास देत नाही.

सोया लाटे गोड का लागली, असंही शेवटी विचारलंय. आमच्या डब्यात थोडी साखर असते, मेन्यूवर त्या पेयाखाली तसं लिहिलंय. बिनसाखरेचा डबाही असतो, ऑर्डर देताना सांगायचं.

पुन्हा याल तेव्हा तुमचा घरचा डबा न फोडता घेऊन या. दुपारी गर्दी नसते. लाइट आणि डार्क, दोन्ही कॉफ्यांत तुमचं आणि आमचं दूध तुमच्यासमोर ओतू आणि चमचा तुमच्याच हातात देऊ. त्या कॉफीचे पैसे नकोत.

— कॅफेचा मालक